पडद्यापलीकडचा वक्ता, अलीकडचा श्रोता

सांगलीसारख्या जिल्ह्याच्या गावी राहून एखाद्या विषयाचा ध्यास घेणाऱ्या माणसाला चर्चासत्र ही पूर्वी सहज घडणारी गोष्ट नव्हती. पुणे इथून सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे, मुंबई त्याहून दूर, आणि दिल्लीला जाणे तर नोकरीच्या उभ्या काळात एखाददुसऱ्या वेळी जमायचे. रजेचा अर्ज, प्राचार्यांची सही, रात्रीची एसटी, पहाटे स्वारगेटला उतरून कोणा नातेवाइकाकडे आंघोळ आणि मग सभागृहातली खुर्ची, असा तो सगळा क्रम असे. इतकी यातायात करायची म्हटल्यावर आपण कशासाठी चाललो आहोत याचा विचार आपोआप होई. विषयपत्रिका गाडीत बसल्या बसल्या दोनदा वाचली जाई, कोणाला गाठायचे आणि काय विचारायचे हे कराड मागे पडेपर्यंत ठरलेले असे, आणि ऐकलेले सगळे मनात घोळवायला परतीचा अख्खा प्रवास मिळे.

२०२० च्या टाळेबंदीत सभागृहांना कुलपे लागली आणि तीच चर्चासत्रे घरातल्या पडद्यावर आली. मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. सांगलीच्या विश्रामबागेतल्या घरी बसून लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानातल्या संशोधकाचे बोलणे ऐकायचे आणि त्याला प्रश्नही विचारायचा, ही गोष्ट माझ्या विद्यार्थिदशेत कल्पनेतही नव्हती. या सोयीचे मोल मी फार मोठे मानते. घरसंसार, आजारी माणसे, लहान मुले यांना सोडून तीन दिवस परगावी राहणे ज्यांना कधीच शक्य नव्हते अशा अनेक शिक्षिकांना या पडद्याने त्यांच्या विषयातली जाणती माणसे पहिल्यांदा भेटवली, हे मी जवळून पाहिले आहे. परंतु अंतर मिटले तशी त्या अंतराने लावलेली शिस्तही गेली. दुव्यावर बोट ठेवले की आपण सभागृहात असतो आणि तितक्याच सहजपणे बाहेरही पडतो. प्रवास जे आपल्याकडून नकळत करून घेत होता ते आता श्रोत्याला स्वतः ठरवून करावे लागते. ते केले नाही, तर उत्तमातले उत्तम व्याख्यानही ऐकल्या दिवशीच विरून जाते. ऑनलाइन चर्चासत्रातून काय हाती लागते हे वक्त्यापेक्षा श्रोत्यावर अधिक अवलंबून असते, असे माझे ठाम मत झाले आहे, आणि ते सविस्तर मांडण्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

पहिली बाब निवडीची. टाळेबंदीच्या पहिल्या उन्हाळ्यात ई-प्रमाणपत्रांचा पूर आला होता. गुगल फॉर्मवरचे थोडेसे प्रश्न सोडवले की आपल्या नावाचे प्रमाणपत्र मेलवर येत असे. एकाच दिवशी दोन-दोन, तीन-तीन ठिकाणी नावनोंदणी होई, आणि अभिप्रायाचा दुवा शेवटच्या दहा मिनिटांत येतो हे ठाऊक असल्याने तेवढ्यापुरते हजर होणारेही पुष्कळ होते. बढतीच्या वेळी कागद लागतात, हे मला माहीत आहे आणि त्यासाठी धडपडणाऱ्यांना मी दोष देत नाही. मात्र ज्याला खरोखर काही शिकायचे आहे त्याने प्रमाणपत्राचा विचार निवडीच्या वेळी तरी मनातून काढून टाकावा. या विषयात मला सध्या कोणता प्रश्न पडलेला आहे, एवढेच मी स्वतःला विचारते. उत्तर सुचले नाही, तर वक्ता कितीही नामवंत असला तरी मी नाव नोंदवत नाही. उत्तर सुचले, तर ते वहीच्या पहिल्या ओळीत लिहिते आणि माझी तयारी तिथून सुरू होते.

तयारीला फार वेळ लागत नाही. अर्धा तास पुरतो. संयोजकांनी पाठवलेला गोषवारा नीट वाचावा, वक्त्याचा एखादा लेख मिळाला तर त्याची प्रस्तावना आणि निष्कर्ष तेवढे पाहावेत, आणि अपरिचित संज्ञांचा अर्थ आधीच शोधून ठेवावा. मराठी माध्यमातून शिकलेल्या माझ्यासारख्यांना या शेवटच्या कामाचा उपयोग विशेष होतो. परक्या उच्चारातली इंग्रजी ऐकताना अडखळायला होते ते बहुतेक वेळा दोन-चार पारिभाषिक शब्दांपाशी. ते शब्द आधी डोळ्यांखालून गेलेले असले की कान त्यांना बरोबर पकडतो. स्वयंचलित उपशीर्षके सुरू करण्याची सोय असेल तर ती जरूर वापरावी, पण शास्त्रीय नावे त्यांत हमखास चुकीची उमटतात, हे लक्षात ठेवावे. प्लास्मोपॅरा हे बुरशीसदृश जीवाचे नाव उपशीर्षकांत इतक्या विचित्र रूपांत आलेले मी पाहिले आहे, की आधी वाचलेले नसते तर विषयच बदलला असे वाटले असते.

परदेशी व्याख्यानांच्या वेळेविषयी थोडे सांगते, कारण यात अनेकांची व्याख्याने हुकतात. आपल्याकडे वर्षभर एकच वेळ असते; युरोप आणि अमेरिकेत उन्हाळ्यासाठी घड्याळे तासभर पुढे करतात. त्यामुळे लंडनची दुपारची एकची वेळ आपल्याकडे हिवाळ्यात संध्याकाळी साडेसहाला आणि उन्हाळ्यात साडेपाचला येते. न्यूयॉर्कच्या भर दुपारी बाराला आपल्याकडे हिवाळ्यात रात्रीचे साडेदहा आणि उन्हाळ्यात साडेनऊ वाजलेले असतात. त्यातही अमेरिकेत हा बदल मार्चच्या दुसऱ्या रविवारी होतो आणि युरोपात शेवटच्या रविवारी, म्हणून मधल्या दोन-तीन आठवड्यांत पाठ असलेला हिशेब चुकतो. निमंत्रणातली वेळ मोबाइलच्या दिनदर्शिकेत त्या देशाच्या वेळेनुसार नोंदवली की ती आपोआप भारतीय वेळेत बदलून मिळते. तोंडी हिशेबापेक्षा हे खात्रीचे आहे.

आता घराविषयी, आणि इथे मला जरा थांबून बोलायचे आहे. संध्याकाळी साडेसहा ही आपल्या घरांत दिवेलागणीची, कुकर लावण्याची, मुलांच्या अभ्यासाची वेळ. सभागृहात बसलेल्या बाईला कोणी भाजीत मीठ किती घालू असे विचारायला येत नाही. घरात पडद्यासमोर बसलेली बाई मात्र सगळ्यांना मोकळीच वाटते, कारण ऐकणे हे काम म्हणून डोळ्यांना दिसत नाही. कानात इअरफोन, हातात वही आणि नजर पडद्यावर असूनही ती घरातल्या प्रत्येक हाकेला उपलब्ध असते. माझ्या अनेक मैत्रिणींनी स्वयंपाकघरात मोबाइल डब्याला टेकवून, फोडणी देता देता महत्त्वाची व्याख्याने ऐकली आहेत. त्यांच्या चिकाटीचा मला आदर आहे, पण असे ऐकणे निम्मेच पोचते आणि त्याबद्दल त्यांना स्वतःलाच हळहळ वाटते. मी यावर एकच उपाय जाणते, तो म्हणजे आदल्या दिवशी घरात स्पष्ट सांगणे: उद्या साडेसहा ते आठ मी व्याख्यानाला गेलेली असेन. बसायचे घरातल्याच खोलीत, पण दार लावून, आणि गेलेल्या माणसासारखे. आमच्या सासूबाईंनी हे पहिल्याच वेळी समजून घेतले आणि त्या वेळी येणाऱ्या फोनलाही ‘ती व्याख्यानाला गेलीय’ असेच सांगू लागल्या. ज्यांच्या घरी हे शक्य नाही त्यांनी महाविद्यालयात, ग्रंथालयात किंवा मैत्रिणीच्या घरी बसावे. जागा बदलण्याने मनही त्या कामाचे होते, असा अनुभव आहे.

पडद्यावर स्वतःचाच चेहरा सतत दिसत असेल तर तो लपवावा. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ साली व्हिडिओ-बैठकांच्या थकव्याची कारणे मांडली, त्यांत पुढ्यात सतत असणारे स्वतःचे प्रतिबिंब, अनेक चेहऱ्यांची अतिजवळची नजर, एका जागी खिळून राहावे लागणे आणि हावभाव ओळखण्यासाठी मनावर पडणारा जादा ताण, ही चार कारणे होती. यांतली पहिली दोन आपल्या हातात आहेत आणि त्यांसाठी एक-दोन बटणे दाबावी लागतात. वळवाच्या दिवसांत आपल्याकडे वीज जाते, तेव्हा मोबाइल आधीच चार्ज करून ठेवावा. जोडणी क्षीण झाली तर चित्र बंद करून नुसता आवाज ऐकावा. चित्र अडखळत राहिले की लक्षही तुटत राहते, आणि व्याख्यानाचा बहुतेक आशय आवाजातच असतो.

टिपणांविषयी मतभेद आहेत. हाताने लिहिलेली टिपणे संगणकावर टंकलेल्या टिपणांपेक्षा आकलनाला अधिक उपकारक ठरतात, असा निष्कर्ष पॅम म्युलर आणि डॅनियल ओपनहायमर यांनी २०१४ साली मांडला होता आणि तो जगभर गाजला. पुढे इतरांनी तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा हा फरक तितका ठळक आढळला नाही. म्हणून वही की संगणक या वादात मी पडत नाही. त्या अभ्यासातले एक निरीक्षण मात्र मला पटते: टंकणारे विद्यार्थी वक्त्याची वाक्ये जशीच्या तशी उतरवत होते. ऐकू येईल ते सगळे उतरवण्याच्या नादात विचार करायला सवड राहत नाही. मी वहीच्या पानावर उभी रेघ मारते. डावीकडे वक्त्याचे म्हणणे अगदी थोडक्यात, आणि उजवीकडे माझे: हे आपल्या जमिनीत लागू पडेल का, हे मागच्या वाचलेल्याशी जुळत नाही, याचा पुरावा कोणता. महत्त्वाच्या मुद्द्यापाशी घड्याळातली वेळ लिहून ठेवते. पुढे ध्वनिचित्रफीत मिळाली तर दीड तास पुन्हा ऐकावे लागत नाही; नेमक्या जागी जाता येते. पडद्याची छायाचित्रे घेण्याची सवय मी जवळजवळ सोडली आहे, कारण ती मोबाइलमध्ये साठतात आणि साठली म्हणजे समजली असा भास होतो.

ध्वनिचित्रफितीवरही एकदा बोललेच पाहिजे. ‘रेकॉर्डिंग पाठवू’ असे संयोजकांनी जाहीर केले की निम्मे श्रोते त्या क्षणीच मनाने उठून जातात. नंतर ऐकू असे म्हणून ठेवलेल्यांपैकी किती ऐकले जाते, हे प्रत्येकाने आपल्या मोबाइलमध्ये पाहावे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी असे दाखवले आहे की, चित्रफीत दुप्पट वेगाने पाहूनही विद्यार्थ्यांच्या आकलनात फारसा फरक पडत नाही; त्यापुढे वेग वाढवला की मात्र आकलन घसरते. त्यांचे विद्यार्थी इंग्रजीच्या वातावरणात शिकणारे होते, हे आपण विसरू नये. दुसऱ्या भाषेतून ऐकणाऱ्याने सव्वापट किंवा फार तर दीडपट वेगावर थांबावे, असे मला वाटते. चित्रफीत ही उजळणीसाठी आहे. प्रत्यक्ष व्याख्यानात जे एक करता येते ते तिच्यात करता येत नाही, आणि ते म्हणजे प्रश्न विचारणे.

प्रश्न कसा विचारावा हे मी कोणत्याही विद्यापीठात शिकले नाही. ते तासगाव तालुक्यातल्या द्राक्ष बागायतदारांकडून शिकले. माझे चुलतभाऊ, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, तिथे बाग करतात. त्यांच्या गावातले काही बागायतदार फळछाटणीच्या हंगामात एकत्र बसून ऑनलाइन चर्चासत्रे ऐकतात. मी वनस्पतिशास्त्राची म्हणून मला बोलावणे असते, परंतु तिथे माझा उपयोग त्यांना होतो त्यापेक्षा त्यांचा मला अधिक होतो.

ज्यांना द्राक्षबाग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. आपल्याकडे वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. फळछाटणीनंतर बागेचे वय दिवसांत मोजतात. बाग कितव्या दिवशी आहे यावर कोणती फवारणी, किती पाणी, कोणता धोका हे सगळे ठरते. याच काळात परतीचा किंवा अवकाळी पाऊस आला की प्लास्मोपॅरा या बुरशीसदृश जीवामुळे होणाऱ्या डाऊनी रोगाचे सावट येते, आणि २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या पावसाने या जिल्ह्यातल्या बागांचे काय केले हे अजून कोणी विसरलेले नाही. डाऊनीचे बीजाणू पानावरच्या पाण्याच्या पातळ थरातून पोहत पर्णरंध्रांपर्यंत जातात आणि आत शिरतात, म्हणून पान किती तास ओले राहिले हा तिथला जीवनमरणाचा प्रश्न असतो.

तर, त्या दिवशी चर्चासत्र डाऊनीवरच होते. तात्यांच्या सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या ओसरीत, दूरदर्शन संचाला मोबाइल जोडलेला, समोर सतरंजीवर आणि खुर्च्यांवर माणसे, आणि आधी वाटून घेतलेली कामे. औषधांची नावे आणि प्रमाणे एकाने लिहायची, कारण सगळ्यांनी लिहिली की सगळ्यांचे ऐकणे तुटते. दुसऱ्याने प्रश्न लिहून पाठवायचे. पुण्याजवळच्या मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा त्या आठवड्याचा हवामान-आधारित सल्ला तिसऱ्याने आधी वाचून आणलेला. चर्चासत्रात शेकडो लोक होते आणि प्रश्नांच्या चौकटीत ‘डाऊनीवर उपाय सांगा’, ‘कोणते औषध चांगले’ अशा ओळी भराभर येत होत्या. त्यांना उत्तर देणार तरी काय? आमच्याकडून गेलेला प्रश्न असा होता (माणिकचमन ही द्राक्षाची जात, आणि डॉगरिज हा तिच्या कलमाखालचा खुंट, म्हणजे मुळाकडचा भाग): माणिकचमन, डॉगरिज खुंट, भारी काळी जमीन, फळछाटणीला २५ दिवस झाले, दोन रात्री पाऊस, पाने सकाळी दहापर्यंत ओली, पानाच्या वरच्या बाजूला तेलकट डाग आहेत पण मागे पांढरी वाढ दिसत नाही, हा डाऊनी समजावा की दुसरे काही?

निवेदकाने शेकडो ओळींतून हा प्रश्न उचलला. वक्त्यांनी त्यावर चांगली सात-आठ मिनिटे घेतली. डाग असलेली पाने तोडून ओलसर कागदासह प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर अंधारात, उबदार जागी ठेवा, असे त्यांनी सांगितले. डाऊनी असेल तर सकाळी त्या डागांच्या मागच्या बाजूला पांढरी मऊ वाढ दिसेल, नसेल तर औषधाचा अनावश्यक खर्च वाचेल. ही साधी चाचणी वनस्पतिरोगशास्त्राच्या पुस्तकात मी वाचलेली होती, वर्गात शिकवलेलीही होती. पण प्रश्नात जात, खुंट, दिवस, ओलावा आणि नेमके दिसलेले लक्षण हे सगळे असल्यामुळेच ती त्या दिवशी बाहेर आली आणि ऐकणाऱ्या इतर शेकडो बागायतदारांनाही मिळाली. तेव्हापासून मी माझे प्रश्न याच घडणीत लिहिते: मी कुठे आहे, काय पाहिले, काय करून पाहिले आणि नेमके काय जाणून घ्यायचे आहे, हे दोन-तीन ओळींत. व्याख्यान सुरू होण्यापूर्वी मसुदा तयार असतो. ऐकता ऐकता तो सुधारते, आणि शेवटची पाच मिनिटे उरण्याची वाट न पाहता वेळ अर्ध्यावर आली की पाठवते. प्रश्नोत्तरांची वेगळी चौकट असेल तर प्रश्न तिथेच लिहावा, कारण गप्पांच्या चौकटीतल्या नमस्कार-धन्यवादांत तो बुडतो. दुसऱ्याचा प्रश्न आपल्या मनातलाच असेल तर तोच पुन्हा न लिहिता, सोय असल्यास, त्याला पसंतीची खूण द्यावी. त्याने तो वर सरकतो.

पण त्या संध्याकाळी चर्चासत्र संपल्यावर जे घडले त्याचे मला अधिक महत्त्व वाटते. पडदा बंद झाला आणि कोणीही उठले नाही. वहिनींनी चहा आणला आणि मग खरी चर्चा सुरू झाली. एक ज्येष्ठ बागायतदार म्हणाले की वक्त्यांनी सांगितलेले फवारणीतले अंतर नाशिककडच्या जमिनीला ठीक असेल, आपल्या भारी जमिनीत ट्रॅक्टर पावसानंतर दोन दिवस आत जात नाही, तेव्हा वेळापत्रक इथे वेगळे लावावे लागेल. दुसऱ्या एकाने ते खोडून काढले. त्याने आपल्या बागेत पाण्याचा निचरा करून घेतला होता आणि त्याचा अनुभव वेगळा होता. प्रमाणे लिहिणाऱ्याने वाचून दाखवलेल्या एका आकड्याबद्दल तिघांनी तीन गोष्टी ऐकल्या होत्या, म्हणून संयोजकांना लगेच संदेश पाठवून तो आकडा पक्का करून घेतला. मग दोघेजण बॅटरी घेऊन बागेत गेले आणि पाने तोडून आणली. सकाळी तात्यांनी मला त्या पानांची छायाचित्रे पाठवली तेव्हा डागांच्या मागे पांढरी वाढ स्पष्ट दिसत होती, आणि त्या दिवसाची फवारणी त्यावरून ठरली. वक्त्याला यातले काहीच कळले नसेल. माझ्या मते ते चर्चासत्र त्या सोप्यात आणि त्या बागेत पूर्ण झाले.

एकत्र ऐकण्याची ही रीत आपल्याला नवी नाही. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि पुढे वाईपासून सांगलीपर्यंत गावोगावी व्याख्यानमाला रुजल्या. व्याख्यान ऐकून घरी चालत जाताना होणारे बोलणे हा त्यांचा अविभाज्य भाग होता. वडीलधारी माणसे वाटेत वक्त्याचे मुद्दे उलटसुलट तपासत आणि आम्ही मुले मागून ऐकत चालत असू. मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीनिमित्त दर्ग्यात होणाऱ्या संगीत सभेला जे गेले आहेत त्यांना ठाऊक आहे की रात्रभर रंगणाऱ्या त्या मैफलीत श्रोत्याची दाद गवयाच्या गाण्याला आकार देते. ऑनलाइन वक्त्याला दाद मिळत नाही. तो काळ्या चौकटींशी बोलत असतो. म्हणून लहान बैठकीत आणि शक्य असेल तिथे मी कॅमेरा सुरू ठेवते, पटले तर मान हलवते. स्वतः पडद्यावरून शिकवल्याने मला माहीत आहे की चार जिवंत चेहरे समोर दिसले तरी बोलणाऱ्याचे उदाहरण बदलते, वेग बदलतो, आणि अवघड जागी तो थांबून पुन्हा सांगतो.

व्याख्यानानंतरच्या तासाविषयी शास्त्राने बरेच सांगून ठेवले आहे. हरमान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून विस्मरणाचा वेग मोजला आणि १८८५ साली तो प्रसिद्ध केला. त्याच्या मोजणीत सर्वांत मोठी घसरण पहिल्या तासातच होती, दिवसभराने जेमतेम तिसरा हिस्सा टिकला होता. अर्थपूर्ण गोष्टी इतक्या वेगाने विसरत नाहीत हे खरे, पण घसरण सुरुवातीलाच तीव्र असते, एवढे ध्यानात घ्यावे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांचा २००६ सालचा प्रयोग मला याहून उपयोगी वाटतो. उतारा पुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना पाच मिनिटांनंतर अधिक आठवत होते. परंतु उतारा बाजूला ठेवून आठवेल तसा लिहून काढणाऱ्यांना आठवड्यानंतर अधिक आठवले, सुमारे ५६ टक्के, तर पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के.

यावरून मी एक पद्धत पक्की केली आहे. व्याख्यान संपले की वही मिटते आणि कोऱ्या कागदावर आठवेल तेवढे मराठीत लिहून काढते, मग वही उघडून राहिलेले भरते. मराठीतच का, तर इंग्रजीत ऐकलेले इंग्रजीत लिहिताना वक्त्याचीच वाक्ये हाताखाली येतात आणि आपल्याला समजले की नाही हे कळत नाही; स्वतःच्या भाषेत मांडताना न समजलेली जागा लगेच उघडी पडते. तीच जागा पुढच्या वाचनाचा विषय होते. दुसऱ्या दिवशी ते कोणाला तरी सांगते, बहुधा वर्गात, कधी शेजारच्या विभागातल्या सहकारी मॅडमना. वक्त्याला चार ओळींचे पत्रही लिहिते: तुमच्या या मुद्द्याचा मला असा उपयोग झाला, आणि या एका जागी शंका उरली आहे. बहुतेक अभ्यासक अशा नेमक्या पत्राला उत्तर देतात. सभागृहात चहाच्या वेळी कपबशी हातात घेऊन जी ओळख होत असे, तिची भरपाई या पत्राने काही अंशी होते.

काही अंशीच, हे मला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. डोळा भरायचा, कलम बांधायचे, सूक्ष्मदर्शकाखाली छेद घ्यायचा, वनस्पतिसंग्रहातला नमुना हाताळायचा, हे पडद्यावरून येत नाही. अशा शिक्षणासाठी आजही गाडी पकडावी आणि जावे. पडद्यावर ऐकून झालेल्यांनी तर नक्की जावे, कारण त्यांना तिथे जाऊन काय पाहायचे हे ठाऊक असते.

आमच्या विभागात आम्ही आता विद्यार्थ्यांना घरी एकेकट्याने दुवा उघडायला सांगत नाही. वर्गात मोठ्या पडद्यावर एकत्र ऐकतो, तात्यांच्या सोप्यातल्यासारखी कामे वाटतो आणि संपल्यावर अर्धा तास खोली सोडत नाही. एक अडचण मात्र वारंवार येते. वाळवा, पलूस, जतकडून येणाऱ्या मुलींचे प्रश्न चांगले असतात, निरीक्षणातून आलेले असतात, पण ते इंग्रजीत लिहायची वेळ आली की त्या माघार घेतात. संयोजकांना माझी कळकळीची विनंती आहे की गोषवारा निदान दोन दिवस आधी पाठवा, एकूण वेळेचा तिसरा हिस्सा प्रश्नांसाठी राखा, आणि मराठीतले प्रश्न आधी मागवून ते वक्त्यापर्यंत पोहोचवणारा एक माणूस नेमा. येत्या पावसाळ्यापूर्वी साताऱ्याजवळच्या कासच्या सड्यांवरच्या, म्हणजे खडकाळ पठारांवरच्या, वनस्पतींविषयी एक व्याख्यान आहे, त्याला आमचा वर्ग बसणार आहे. आपल्या शास्त्रीय नावात साताऱ्याचे नाव धारण करणाऱ्या वायतुरा या पाणवनस्पतीच्या डबक्यांत पाणी किती दिवस टिकते, आणि ते लवकर आटले तर तिच्या कंदाचे काय होते, यावर तिघींनी आपापले प्रश्न मराठीत लिहून माझ्याकडे दिले आहेत; ते भाषांतरासह संयोजकांना आधी पाठवायचे काम मी घेतले आहे.